सल्ल्याआधी सोबत

मी बँकेत शाखाधिकारी असताना एका तरुण व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते अनियमित झाले. वडिलांच्या निधनाने पेढी अचानक त्याच्या खांद्यावर आली होती. मी त्याला बोलावून तीन सल्ले दिले : जुनी उधारी वसूल करा, पडून राहिलेला माल काढा, घरखर्च गल्ल्यातून करू नका. सल्ले बिनचूक होते. ‘बरे साहेब’ म्हणून तो गेला आणि पुन्हा माझ्या केबिनकडे फिरकला नाही.

पुढे खाते सुरळीत झाले, ते त्याच्या वडिलांच्या एका स्नेह्यामुळे. हे काका दुकान वाढवण्याच्या वेळी पेढीवर येऊन बसत. हिशेब विचारीत नसत. ‘आजचा दिवस कसा गेला?’ एवढेच विचारीत. पंधरवड्याने मुलाने आपणहून खतावणी त्यांच्यापुढे उघडली. वडिलांच्या मित्रांकडे पैसे मागायला त्याची जीभ रेटत नव्हती. काका त्याच्यासोबत दोन-चार घरी गेले आणि वसुली सुरू झाली. सल्ला माझाच होता. पण तो का जमत नाही, हे मी विचारलेच नव्हते.

लंडनमध्ये १९५३ साली चाड वारा या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. भेटीसाठी थांबलेल्यांना स्वयंसेवक चहा देत, त्यांचे ऐकत. त्यानंतर अनेकांना वारा यांना भेटण्याची गरजच उरत नसे. हे पाहून १९५४ मध्ये त्यांनी ते काम स्वयंसेवकांकडेच सोपवले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी आकाराला आली.

आपल्याकडे सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आधी येते आणि स्थितीकरण नंतर. आधी दुसऱ्याचे उणे झाकायचे, मग डळमळणाऱ्याला सावरायचे. ही अंगे धर्ममार्गासाठी सांगितली असली, तरी हा क्रम व्यवहारातही पाळण्याजोगा आहे. आपण मात्र पुष्कळदा भरल्या पंगतीत मुलाच्या तोट्याची चर्चा करतो आणि त्यालाच मार्गदर्शन समजतो.

घरातील कोणी अडचणीत असेल, तर प्रथम जवळ बसावे. ‘सल्ला हवा आहे, की नुसते ऐकू?’ असे विचारावे. ऐकलेले चार भिंतींबाहेर जाऊ देऊ नये. अनुभवाची शिदोरी आपल्यापाशी असतेच. समोरच्याने हात पुढे केला, म्हणजे ती सोडावी.