दिवे लागतात, मग ट्रॅक्टर का सुरू होत नाही?

चिकोडी, सदलगा, अंकली, निपाणी या आपल्या भागात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. ज्या सऱ्यांतून पूर्वी बैलजोडीचा कुळव फिरत असे, त्यांतून आता पुष्कळ ठिकाणी लहान ट्रॅक्टर फिरताना दिसतो. १५ ते २० अश्वशक्तीचे हे यंत्र अरुंद वाटेने जाते, थोडे डिझेल खाते आणि दोन-तीन एकरांच्या धन्यालाही परवडते. बंगळूरच्या व्हीएसटी उद्योगाने १९६७ साली जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने काम आरंभिले, त्याचा १८.५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अशा यंत्रांपैकी एक होय. यांतील कित्येक यंत्रे जुनी झाली, रंग उडाला, तरी इंजिनाचा लोखंडी देह सहसा दगा देत नाही. दगा देते ती वीज.

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला, ऊसतोड ठरली, माणसे शेतावर येऊन उभी राहिली, आणि किल्ली फिरविली तर नुसता 'टक्' असा आवाज! लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "बॅटरी कशी जाईल? दिवे तर लख्ख लागताहेत. सेल्फ गेला." (स्टार्टरला आपल्याकडे 'सेल्फ' म्हणतात हे सांगावयास नकोच.) मग काही हजार रुपये देऊन नवी बॅटरी येते, किंवा सेल्फ उतरवून निपाणीला नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातो. दोन दिवस मोडतात, आणि पुष्कळदा दोष तिसऱ्याच ठिकाणी निघतो. दिवे लागतात म्हणून विजेची वाट निर्दोष आहे, हा समज या साऱ्या खर्चाच्या मुळाशी आहे. तो चुकीचा का, हे आपल्या शाळेच्या पुस्तकातील एका नियमावरून सिद्ध करता येते.

जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली मांडलेला तो नियम दहावीच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतो: विद्युत्‌दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. आता ट्रॅक्टरचा पुढचा एक दिवा घ्या. त्याला सुमारे ४ ते ५ अँपिअर प्रवाह पुरतो. पण थंड इंजिनाची दांडी फिरवावयाची तर सेल्फला १०० ते २०० अँपिअर लागतात. बॅटरीच्या खुंटावर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर चढला आहे आणि त्यामुळे त्या सांध्यात ०.०२ ओहम एवढाच रोध उत्पन्न झाला आहे, असे धरा. ५ अँपिअरला तेथे ०.१ व्होल्ट दाब खर्ची पडेल. दिव्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. परंतु सेल्फने १५० अँपिअर मागितले तर त्याच सांध्यात ३ व्होल्ट वाटेतच जिरतील. १२ व्होल्टांवर चालणाऱ्या यंत्राच्या पदरात मग ८-९ देखील पडत नाहीत. पायवाटेने एक माणूस सहज जातो, त्याच पायवाटेने जत्रा जाऊ शकत नाही, तसा हा प्रकार आहे.

या माहितीच्या आधारे दिव्यांचाच उपयोग परीक्षेसाठी करता येतो. दिवे लावून ठेवावे आणि किल्ली फिरवावी. दिवे एकदम मालवले आणि किल्ली सोडताच पुन्हा लागले, तर बहुधा बॅटरीच्या खुंटावरील पकड सैल किंवा गंजलेली आहे. दिवे मंद होत गेले आणि इंजिन रडतरखडत फिरले, तर बॅटरी उतरली आहे किंवा सेल्फ आतून अडकतो आहे. दिव्यांवर काहीच परिणाम झाला नाही आणि आवाजही आला नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. आणि 'टकटकटक' असा भराभर आवाज आला तर? सेल्फवरील सोलेनॉइड हे एक विद्युत्‌चुंबक आहे. ते ओढले गेले की सेल्फला प्रवाह मिळतो. दुबळ्या बॅटरीचा दाब त्यासरशी कोसळतो, चुंबक सुटते. भार जाताच दाब वर येतो आणि चुंबक पुन्हा ओढले जाते. ही झटापट म्हणजेच तो आवाज. तो ऐकून सेल्फ खोलावयास बसणे योग्य नव्हे. आधी बॅटरी आणि तिचे सांधे पाहावे.

कानांनंतर मोजमाप. साधा व्होल्टमीटर आता कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतो. शिशाच्या बॅटरीत ६ घट असतात आणि भरलेल्या घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून रात्रभर स्वस्थ राहिलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीने १२.६ च्या आसपास दाखविले पाहिजे. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण उभ्या बैलावरून त्याची ओढ कळत नाही. इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी, म्हणजे ते सुरू होणार नाही, आणि सेल्फ काही सेकंद फिरवीत असता बॅटरीच्या दोन खुंटांवर दाब पाहावा. तो साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी दुबळी आहे, किंवा सेल्फ वाजवीपेक्षा अधिक प्रवाह ओढतो आहे. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक फिरवू नये; मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा, नाहीतर आतील तांब्याची वेटोळी तापून जळतात.

खुंटांवर दाब चांगला असूनही सेल्फ मरगळलेला असेल तर वाटेतील चोर शोधावयाचा. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण खुंटावर, नुसत्या पकडीवर नव्हे, आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर ठेवून सेल्फ फिरवावा. मीटरने अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखविले तर तेवढा दाब 'अर्थ'च्या वाटेतच जिरतो आहे. धन बाजूचीही याच रीतीने परीक्षा होते: खुंट आणि सेल्फचा जाड टर्मिनल. जुन्या ट्रॅक्टरांत मला अर्थच्या पट्टीचा संशय आधी घ्यावासा वाटतो. धन बाजूच्या तारेकडे सर्वांचे लक्ष असते. पण गेलेला प्रवाह परत यावा लागतो, आणि ती परतीची पट्टी बिचारी चिखल, शेण आणि खताचे पाणी खात सांगाड्याखाली पडून असते. वरून रंग मारताना सांध्यातही रंग जातो, हे आणखी एक. पट्टी सोडवून दोन्ही बाजूंचे लोखंड काचकागदाने उजळावे व बोल्ट घट्ट आवळावा. खुंटांवरील बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी. ते पाणी घटांत जाऊ देऊ नये. कोरडे करून घट्ट बसविल्यावर वरून थोडे व्हॅसलिन लावावे. या साऱ्याला दहा-वीस रुपयांपलीकडे खर्च नाही.

हुकूमच पोहोचत नसेल तेव्हा किल्लीपासूनचा बारीक मार्ग तपासावा लागतो. फ्यूज, किल्लीची कळ, मग क्लच किंवा गिअर यांच्याशी जोडलेली सुरक्षेची कळ, आणि शेवटी सोलेनॉइडचा लहान टर्मिनल. ट्रॅक्टर गिअरमध्ये असता सेल्फ फिरू नये, एवढ्यासाठी ती सुरक्षेची कळ असते. म्हणून प्रथम क्लच पुरता दाबला आहे ना आणि गिअर मोकळा आहे ना, हे पाहावे. यातच अर्धे रोगी बरे होतात! नंतर टेस्ट लॅम्पची एक तार लोखंडाला लावून दुसरी सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलला लावावी आणि कोणास किल्ली फिरवावयास सांगावी. दिवा लागला तर दोष सोलेनॉइडात किंवा सेल्फमध्ये. नाही लागला तर एकेक टप्पा मागे सरकत जेथे दिवा लागतो तेथवर यावे. दोष त्या दोन टप्प्यांमध्ये आहे. पाचटाच्या ढिगाशेजारच्या छपरात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची तार उंदरांनी कुरतडलेली निघाली तर नवल मानू नये.

येथे एक कडक सूचना देणे अवश्य आहे. किल्लीने सेल्फ घेत नाही म्हणून पुष्कळ जण खाली उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फचे दोन टर्मिनल जोडतात. इंजिन सुरू होते खरे. पण या युक्तीने सुरक्षेची कळ वगळली जाते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो त्याच क्षणी चालू लागतो, आणि हे करणारा माणूस नेमका मागच्या चाकापुढे उभा असतो. अशा रीतीने देशोदेशी माणसे चाकाखाली गेली आहेत. घरच्या वडीलमाणसांना कोणी असे करताना पाहिले तर मुलांनी संकोच न धरता त्यांचा हात धरावा. बॅटरीजवळ विडी किंवा काडी ओढू नये, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तारा सोडविताना ऋण बाजूची आधी सोडावी आणि जोडताना शेवटी जोडावी. म्हणजे धन खुंटावरील पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.

कधी इंजिन फिरते, पण धरीत नाही. हाही दोष विजेचा असू शकतो, हे अनेकांना पटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा एकविसाव्या-बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबून तिच्या उष्णतेने इंधन पेटवितात. दांडी मंद फिरली तर ती उष्णता थंड लोखंडातच शोषली जाते. म्हणूनच लहान इंजिनांना बहुधा प्रत्येक सिलिंडरमागे एक ग्लो प्लग, म्हणजे विजेने लाल होणारी कांडी, दिलेली असते. पौष-माघाच्या पहाटे किल्ली 'हीटर'वर १५-२० सेकंद धरून मगच सेल्फ द्यावा. कांडीची परीक्षा सोपी आहे: तिच्या टोकाची तार काढून ठेवावी आणि टेस्ट लॅम्प बॅटरीच्या धन खुंटावरून त्या टोकाला लावावा. दिवा लागला तर तिची आतील तार शाबूत आहे. तीनपैकी एखादी मेलेली असेल तर इंजिन सुरू होताना अडखळते आणि पांढरा धूर टाकते. घाईने हवेच्या नळीशी पेट्रोलचे फडके धरणे मात्र टाळावे. कांडी तापलेली असता तेथे स्फोटच व्हावयाचा.

इंजिन सुरू झाल्यावर मीटर पुन्हा एकदा खुंटांना लावावा. वेग थोडा वाढविल्यावर दाब १३.८ ते १४.४ व्होल्टांपर्यंत चढला पाहिजे. तो १२.३ वरच बसून राहिला तर बॅटरी भरली जात नाही. पट्टा सैल असेल, अल्टरनेटर किंवा डायनॅमो निकामी असेल. ते दुरुस्त न करता बसविलेली नवी बॅटरीही चार दिवसांत जुन्यासारखी वागू लागेल. पावसाळ्यात ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा राहतो, तेव्हा ऋण तार सोडून ठेवावी, महिन्यातून एकदा बॅटरी भरून घ्यावी, आणि घटांतील पाणी कमी झाले असेल तर शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार शिशाच्या पट्ट्यांना मानवत नाहीत.