‘पंपिंग तीस टक्के’ म्हणजे सत्तर टक्के गेलं का?

१८९४ साली विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून आजार मोठा असला की आपल्याकडे मिरज गाठायची. साताऱ्याची मंडळी कराडला नाहीतर पुण्याला जातात. गाव कुठलंही असो, इकोचा कागद हातात पडला की घरी फोन जातो, “दादांचं पंपिंग तीसच टक्के राहिलंय.” पलीकडे रडारड सुरू. सत्तर टक्के हृदय गेलं, असाच हिशेब सगळे धरतात.

हा हिशेब मुळात चुकतो, कारण शंभर टक्के कुणाचंच नसतं. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर पडलं, तेवढंच हा आकडा सांगतो. धडधाकट माणसाचाही तो साधारण ५५ ते ७० असतो. समजा, निरोगी कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त मावतं आणि त्यातलं ७० बाहेर पडतं. स्नायू सैल पडून कप्पा फुगला, त्यात २३० मावू लागलं, तर त्याचे ३० टक्के म्हणजे ६९! म्हणूनच असा माणूस कधीकधी उसाला पाणी पाजताना दिसतो. मात्र फुगलेलं हृदय ही उसनवारी फार काळ निभावत नाही.

शिवाय हा आकडा काही वजनकाट्यावरचा नव्हे. त्याच माणसाचा इको दुसऱ्या हातांनी केला तर पाच-सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. तेवढ्यावर पेढे वाटू नयेत, हायही खाऊ नये.

‘अँजिओग्राफी साफ आली, मग हृदयाला काहीच नाही,’ हाही असाच एक समज. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसतात. आजार स्नायूत असेल तर त्या साफच असणार.

पुढचा धोका जोखायला एमआरआय अधिक कामाला येतो. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, व्रण असेल तिथे मात्र रेंगाळतं आणि तो भाग चित्रात पांढरा उठतो. या व्रणाभोवती विजेचा प्रवाह घुटमळतो, ठोके बिघडतात. लंडनमध्ये फुगलेल्या हृदयाच्या ४७२ रुग्णांचा सुमारे पाच वर्षं पाठपुरावा करून २०१३ साली निष्कर्ष छापले गेले. व्रण असलेल्यांपैकी जवळपास ३० टक्क्यांना अचानक मृत्यू आला किंवा त्यातून ते जेमतेम वाचले. व्रण नसलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. उलटं वाचलं, तर व्रण असलेल्या दहांपैकी सातांवर ती वेळ आली नाही. डॉक्टर तारीख का सांगत नाहीत, ते इथे कळतं.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. किडनी फार अधू असेल, तर या इंजेक्शनाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

सगळ्यात महागात पडतो तो ‘पंपिंग पन्नासवर आलं, आता गोळ्या कशाला?’ हा समज. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या गोळ्या देखरेखीखाली थांबवून एका प्रयोगात पाहिलं गेलं. २५ पैकी ११ जणांचा आजार सहा महिन्यांत परतला.

शेवटी घरच्यांबद्दल. हृदयाचा स्नायू बिघडवणारा, एमवायबीपीसी३ या जनुकातला एक दोष सुमारे चार टक्के भारतीयांत असतो, असं २००९ मध्ये दिसून आलं. त्याचा त्रास बहुधा मध्यम वय ओलांडल्यावर जाणवतो. त्यामुळे दादांच्या मुलाचा इको पंचविशीत साफ आला, तरी तो कागद जपून ठेवायचा. पुढच्या इकोशी ताडून पाहायला तोच लागतो.