कुलुपापुढील रांग



शाळेंत मोठा नकाशा एकच असला, म्हणजे त्यासाठीं शिक्षकांना कसें थांबावें लागतें, हें मीं उभ्या नोकरींत पाहिलें आहे. संगणकांतही तोच प्रकार असतो. तेथें एकाच वेळीं अनेक कामें चालतात. त्यांना थ्रेड म्हणतात. दोघांनीं एकच माहिती एकदम बदलूं नये, म्हणून तिला लॉक, म्हणजे कुलूप असतें. किल्ली एकाच्या हातीं असेपर्यंत बाकीच्यांस कर्नेल, म्हणजे संगणक-व्यवस्थेचा गाभा, रांगेंत निजवून ठेवतो आणि कुलूप मोकळें होतांच एकास उठवतो. ही रांग येण्याच्या क्रमानें लावतां येते, किंवा निकडीच्या क्रमानें.

परंतु केवळ रांग नीट लावून भागत नाहीं. १९९७ सालीं ४ जुलै रोजीं अमेरिकेचें पाथफाइंडर यान मंगळावर उतरलें. कांहीं दिवसांतच त्यांतील संगणक मधूनमधून आपोआप नव्यानें सुरू होऊं लागला, आणि त्या दिवसाचें उरलेलें काम अडून राहूं लागलें. हवामानाच्या नोंदींचें कमी निकडीचें काम कुलूप धरून असे. यानांतील माहितीची ने-आण पाहणारें अत्यंत निकडीचें काम त्याच कुलुपासाठीं थांबे. इतक्यांत मध्यम निकडीचीं, पण लांबणारीं कामें सुरू होत व हवामानाच्या कामास पुढें सरकूंच देत नसत. निकडीचें काम वेळेवर झालें नाहीं असें दिसतांच संगणक स्वतःस नव्यानें सुरू करी.

समजा, मुख्याध्यापकांना हवा असलेला नकाशा धाकट्या मुलाच्या हातीं आहे, आणि जिन्यांत मोठ्या मुलांनीं त्याची वाट अडविली आहे. मग मुख्याध्यापकांचा क्रम पहिला असून काय उपयोग? ‘हा मुख्याध्यापकांच्या कामावर आहे’ असें म्हणतांच मात्र सर्व बाजूस होतात.

उपाय हाच होता. कुलूप धरणाऱ्यास, थांबलेल्यांतील सर्वांत निकडीच्या कामाचा दर्जा तेवढ्यापुरता द्यावयाचा आणि कुलूप सोडतांच तो परत घ्यावयाचा. ही सोय यानाच्या कर्नेलमध्यें आधींपासूनच होती. त्या कुलुपापुरती ती बंद होती. अभियंत्यांनीं पृथ्वीवरील तशाच संगणकावर तो दोष घडवून पाहिला आणि येथूनच संदेश पाठवून ती सोय चालू केली. यान पुढें सुरळीत चाललें. लिनक्स या प्रसिद्ध कर्नेलमध्येंही २००६ सालीं सामान्य कार्यक्रमांच्या कुलुपांस ही सोय मिळाली.

तात्पर्य, रांगेंत पहिला कोण हें पाहतांना, किल्ली कोणाच्या हातीं आहे व त्याची वाट मोकळी आहे कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें.