मोडल्या कण्यांचा कैवारी

वैद्यकशास्त्राचा इतिहास आपण बहुधा विजयांचा इतिहास म्हणून वाचतो. देवीची लस, क्षयाचा जंतू, पेनिसिलिन अशा एकेका मुक्कामावर थांबत पुढे सरकतो, आणि ज्या रुग्णांपुढे शास्त्राने शतकानुशतके हात टेकले होते, त्यांची नोंद त्या इतिहासात सहसा आढळत नाही. पाठीचा कणा मोडून ज्यांचे कमरेखालचे शरीर लुळे व बधिर झाले, असे रुग्ण याच उपेक्षित वर्गातले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांच्या एका इजिप्शियन पपायरसात, मानेचा मणका निखळून हातापायांची शक्ती गमावलेल्या माणसाची लक्षणे मोठ्या बारकाईने नोंदवून झाल्यावर, हे दुखणे इलाज करण्याजोगे नाही, असा निवाडा दिलेला आहे. आणि त्यानंतर साडेतीन हजार वर्षे लोटली, तरी युरोपातील नामांकित इस्पितळांचा शिरस्ता त्याहून फारसा निराळा नव्हता. हा निवाडा ज्याने फिरवला, त्या मज्जातंतुतज्ज्ञाचे नाव लुडविग गुटमान. त्याने संशोधन केले आणि रुग्णांचा कैवारही घेतला, असे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते. परंतु ही दोन निराळी कार्ये नव्हती, त्याचा कैवार हा त्याच्या संशोधनाचाच तर्कशुद्ध निष्कर्ष होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या चरित्राचे मर्म हाती लागत नाही.

गुटमानचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी, त्या काळच्या जर्मनीतील आणि आजच्या पोलंडमधील टोस्ट नावाच्या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. तो सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. १९१७ साली, अठरा वर्षांचे वय असताना, तो क्योनिग्सह्युट येथील अपघात-इस्पितळात स्वयंसेवक म्हणून काम करीत होता. तेथे एके दिवशी एक धट्टाकट्टा खाणकामगार कणा मोडलेल्या अवस्थेत दाखल झाला. वैद्यांनी त्याच्या देहाला प्लास्टर घातले, त्याची खाट पडद्याआड सारली, आणि त्याची टिपणे लिहू लागलेल्या या तरुणाला, हा काही आठवड्यांचाच सोबती असल्याने त्या लेखनाची यातायात करू नये, असे सांगितले. पाच आठवड्यांत तो कामगार रक्तदोष होऊन मरण पावला. त्या मृत्यूचा ठसा गुटमानच्या मनावर आमरण राहिला. मात्र त्याचा खरा अर्थ उलगडण्यासाठी त्याला पुढे सत्तावीस वर्षे थांबावे लागले.

मधल्या काळात तो ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फ्योर्स्टर या युगप्रवर्तक मज्जातज्ज्ञाच्या हाताखाली तयार झाला आणि जर्मनीतील अग्रगण्य तज्ज्ञांत त्याची गणना होऊ लागली. १९३३ साली नाझी राजवट आली आणि ज्यू वैद्यांना सार्वजनिक इस्पितळांतून बडतर्फ करण्यात आले. गुटमानने ब्रेस्लाऊच्या ज्यू इस्पितळात आश्रय घेतला आणि १९३७ मध्ये तो तेथील प्रमुख झाला. नोव्हेंबर १९३८ च्या त्या कुप्रसिद्ध रात्री, जेव्हा देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली जात होती आणि पुरुषांची धरपकड चालू होती, तेव्हा दाराशी येईल त्याला कोणतीही चौकशी न करता दाखल करून घ्यावे, असा हुकूम त्याने दिला. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस झडतीस आले, तेव्हा खाटेखाटेपाशी उभे राहून, या माणसाला हलवणे वैद्यकीय दृष्ट्या का अशक्य आहे, याचे समर्थन त्याने केले. दाखल झालेल्या ६४ जणांपैकी ६० जण त्या अटकेतून वाचले. रुग्णाच्या खाटेचे रक्षण हे वैद्याचे पहिले कर्तव्य, ही गोष्ट त्याने अशी प्राण पणाला लावून सिद्ध केली होती. मार्च १९३९ मध्ये तो पत्नी व दोन मुलांसह इंग्लंडला पोहोचला आणि ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इस्पितळात मज्जातंतूंच्या इजांवर संशोधन करू लागला.

युद्धाच्या चौथ्या वर्षी, फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची तयारी चालू असताना, कण्याला जखमा झालेल्या सैनिकांचा लोंढा येणार हे ओळखून ब्रिटिश सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागाची तजवीज केली. पहिल्या महायुद्धात अशा दहा सैनिकांपैकी सुमारे आठ दगावले होते. त्यामुळे या विभागाचा अधिकार स्वीकारायला नामवंत वैद्य फारसे उत्सुक नव्हते. निर्वासित गुटमानने तो स्वीकारला, तो मात्र उपचाराची पद्धत सर्वस्वी आपल्या मनाप्रमाणे राहील, या अटीवर. १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरी शहराजवळील स्टोक मँडव्हिल येथे हा विभाग सुरू झाला.

येथे गुटमानने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे रुग्ण नेमके कशाने मरतात. मज्जारज्जू तुटल्याने माणूस लुळा होतो, हे खरे. परंतु छाती वा कंबर यांच्या पातळीवर ती तुटली, तर हृदय, फुप्फुसे, मेंदू हे सारे शाबूत असते. मग मृत्यू येतो कोठून? उत्तर त्याच्या डोळ्यांसमोरच होते. निरोगी माणूस गाढ झोपेतही नकळत कूस बदलतो, कारण एकाच जागी दाब पडला की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि कातडी तक्रार करते. बधिर शरीराला ही तक्रार करता येत नाही. माकडहाड, टाचा, खुबे यांवरील कातडी काही तासांत रक्तावाचून मरते, तेथे शय्याव्रण पडतो आणि तो हाडापर्यंत पोहोचतो. त्यावर प्लास्टरचे कवच असले, म्हणजे ही सडण दृष्टीआड होते, इतकाच काय तो फरक. दुसरीकडे मूत्राशयावरचा ताबा गेल्याने मूत्र तुंबते; त्यासाठी कायमची बसवलेली नळी जंतूंना वाट करून देते, आणि तो जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. म्हणजे ज्या मृत्यूला सारे जग कण्याच्या इजेचा अपरिहार्य परिणाम मानीत होते, तो वस्तुतः शुश्रूषेच्या अभावाचा परिणाम होता. तो १९१७ चा खाणकामगार मोडलेल्या कण्याने मेला नव्हता. मरणारच, असे गृहीत धरून त्याला पडद्याआड ठेवल्याने तो मेला होता.

या निदानातून निघालेले उपचार दिसायला अगदी साधे होते. प्लास्टरची कवचे फोडून टाकण्यात आली. प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, कुशीवरून पाठीवर व पाठीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायचे, दाब पडणाऱ्या जागांना उशांचा आधार द्यायचा, आणि प्रत्येक वेळी कातडीवर लालसर डाग उमटला आहे काय हे पाहायचे, असा नियम झाला. मूत्र काढण्यासाठी नळी कायमची ठेवण्याऐवजी ती ठरावीक वेळाने, निर्जंतुक पद्धतीने, वैद्यानेच घालायची व काढून घ्यायची, असा दंडक त्याने घातला. परिचारिकांना व सहायकांना हा सारा खटाटोप प्रथम निरर्थक वाटला, आणि गुटमान रात्री-अपरात्री स्वतः कक्षांत फिरून रुग्णांना वळवले आहे की नाही याची खातरजमा करी. त्याचा स्वभाव तापट व हुकमी होता. तरी रुग्ण त्याला ‘पॉप्पा’ म्हणत, कारण त्याच्या शिस्तीचा लाभ कोणाला होतो हे त्यांना स्वतःच्या कातडीवरून समजत असे.

त्याच्यातला संशोधक या काळात स्वस्थ बसला नव्हता. शरीराच्या कोणत्या भागाचा घाम मज्जातंतूंच्या इजेमुळे बंद झाला आहे, हे पाहण्यासाठी तो क्विनिझारिन नावाची पूड अंगावर पसरी. जेथे घाम फुटे तेथे ती गडद जांभळी होई, आणि इजेचा नकाशाच त्वचेवर उमटे. परंतु त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे डेव्हिड व्हिटरिज या शरीरक्रियाशास्त्रज्ञासमवेत केलेले आणि १९४७ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले संशोधन. ते समजण्यासाठी मज्जारज्जूची रचना एखाद्या राज्याच्या कारभारासारखी कल्पावी. राजधानी आणि तालुके यांच्यामधला रस्ता तुटला, तरी तालुक्याच्या कचेऱ्या बंद पडत नाहीत. त्या आपल्या अकलेने हुकूम काढीत राहतात, मात्र त्यांना आवर घालणारे वरचे फर्मान त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू तुटलेल्या रुग्णाचे मूत्राशय तुडुंब भरले, की त्याला त्याची जाणीव होत नाही. परंतु खालच्या मज्जाकेंद्रांना ती होते आणि ही केंद्रे शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या एकदम आवळून धरतात. रक्तदाब भयानक वाढतो, डोके ठणकते, इजेच्या वरचा चेहरा लालबुंद होऊन घामाने निथळतो, आणि मेंदू हृदयाची गती मंद करून दाब उतरवण्याचा दुबळा प्रयत्न करतो. या अवस्थेत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि तिच्यावरचा तातडीचा उपाय बहुतेक वेळा मूत्राशय रिकामे करणे, एवढाच असतो. आज जगभरचे वैद्य या विकाराला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. नुसती डोकेदुखीची तक्रार म्हणून जी बाजूला सारली गेली असती, तिच्यामागे प्राणघातक यंत्रणा आहे, हे गुटमानला दिसले, कारण तो रुग्णाचे बोलणे पुरावा म्हणून ऐकत होता.

रुग्ण जगू लागले, आणि मग अधिक कठीण प्रश्न उभा राहिला. पंचविशीतला सैनिक आता आणखी अनेक वर्षे जगणार. ती त्याने कोठे व कशी काढायची? त्याला अपंगांच्या आश्रमात कायमचे ठेवून निवृत्तिवेतन द्यावे, ही रूढ कल्पना होती, आणि तिच्यात दुष्टपणा नव्हता. गुटमानने मात्र ती धुडकावली. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे शिक्षण इस्पितळातच सुरू झाले, आणि घरी परतणे, नोकरी करणे, संसार करणे हे उपचाराचे उद्दिष्ट ठरले. त्याच ओघात खेळ आले. व्हीलचेअरवरचा पोलो, मग बास्केटबॉल आणि धनुर्विद्या. धनुष्य ओढताना खांदे व पाठीचा वरचा भाग बळकट होतो, आणि बसल्या जागी तोल सावरायला शरीर शिकते. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ पक्षाघातग्रस्त स्त्रीपुरुषांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. १९५२ मध्ये हॉलंडचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले, आणि तीच पहिली पॅरालिंपिक मानली जाते. गुटमानला १९६६ मध्ये ‘सर’ हा किताब व १९७६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १८ मार्च १९८० रोजी तो निवर्तला.

या कार्याचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर भागातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियुद्ध खेळत असत. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी त्यांची चाळण झाली आणि कण्याला झालेल्या इजेने कमरेखालचे शरीर गेले. मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ इस्पितळातील उपचारांच्या काळात व्यायाम म्हणून त्यांना पोहण्याची वाट सापडली. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते खेळले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकून हा मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. ज्या मैदानाचे दार गुटमानने उघडले होते, त्या मैदानात एका मराठी सैनिकाने हे पदक मिळवले. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जखमी सैनिकांसाठी चालणारे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र हेही त्याच विचाराचे अपत्य होय.

परंतु कण्याच्या इजा युद्धभूमीपुरत्या नाहीत. कोकणात नारळाच्या व आंब्याच्या झाडावरून पडलेला मजूर, बांधकामाच्या परांचीसह खाली आलेला गवंडी, विहिरीच्या कामात कोसळलेला शेतकरी, रस्त्यावरच्या अपघातातला दुचाकीस्वार, हे आपले रुग्ण आहेत. आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या इजेत भर पडते ती पहिल्या अर्ध्या तासातच, जेव्हा कनवाळू शेजारी त्यांना झोळीत घालून किंवा हातापायांना धरून उचलतात आणि मोडलेला कणा वाकवतात. अशा माणसाला मान व पाठ सरळ ठेवून, फळीवर किंवा काढलेल्या दारावर, चौघांनी एकाच वेळी उचलून न्यायचे असते. हे ज्ञान शाळेतल्या मुलालाही देता येईल इतके सोपे आहे, आणि तरीही ते आपल्या गावागावांत पोहोचलेले नाही.

शस्त्रक्रिया पार पडली की आपल्याकडे रुग्णाच्या नातलगांना घरी नेण्यास सांगितले जाते. आणि मग कूस कोणी व कधी बदलायची, नळी कशी घालायची, अचानक उठलेल्या डोकेदुखीचा अर्थ काय, हे न समजल्याने काही महिन्यांत तो रुग्ण हाडापर्यंत गेलेले व्रण घेऊन परततो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसन हा हक्क मानला आहे; परंतु दर दोन तासांनी रुग्णाला वळवणारे हात नसतील, तर तो हक्क दप्तरातच राहील. गुटमानच्या उपचाराला महागडे यंत्र लागत नव्हते. त्याला लागत होत्या पुरेशा परिचारिका, घरच्यांना शिकवणारा माणूस, आणि हा रुग्ण जगणार आहे व कामावर परतणार आहे असा वैद्याचा ठाम विश्वास. म्हणून प्रत्येक जिल्हा इस्पितळात कण्याच्या रुग्णांसाठी प्रशिक्षित शुश्रूषेचा स्वतंत्र बंदोबस्त असावा, आणि घरी सोडण्यापूर्वी नातलगांना शिकवणे हे दाखला लिहिण्याइतकेच सक्तीचे असावे, अशी मागणी करण्यात भूतदयेचा प्रश्नच येत नाही. स्टोक मँडव्हिलने ऐंशी वर्षांपूर्वी जे सिद्ध केले, त्याची अंमलबजावणी मागण्याचा हा प्रश्न आहे, आणि ती मागण्याचा अधिकार आपल्यापैकी प्रत्येकाला आहे.