उवेने शिकार उठते

एलंड या मोठ्या आफ्रिकी हरणाला बाण लागला आहे. पण शिकारी त्याच्यामागे धावत नाही. तो सावकाश, लंगडत चालतो; आपण घाई केली तर जनावरही घाई करील, असे तो मानतो. एवढ्यात अंगावर ऊ चावते. तिला मारायचे नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या 'खाम' या बुशमन लोकांची ही समजूत होती. भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक आणि त्यांची मेहुणी लूसी लॉइड यांनी १८७०पासून केपटाऊनमध्ये खाम माणसांकडून ऐकलेल्या गोष्टींनी सुमारे १२,००० पाने भरली. त्यांत 'कागेन' हा खामांचा मायावी देव वारंवार भेटतो. हे नाव प्रार्थनाकीटकाचेही आहे. एलंड कागेनने घडवलेला, त्याचा लाडका. तो वाचावा म्हणून कागेन ऊ होऊन शिकाऱ्याला चावतो. शिकाऱ्याने ती चिरडली, की बाण धरलेल्या हाताला तिचे रक्त लागते, त्याने विष थंड पडते आणि एलंड उठून चालू लागतो.

ही समजूत नेमक्या त्याच वेळेला का चिकटली, हे विषाच्या गतीवरून समजते. बुशमनांचा बाण हलका असतो. जनावर मरते ते विषाने, तेही हळूहळू. कलहारीच्या उत्तरेकडचे जुहोआन्सी हे दुसरे बुशमन लोक आपले विष एका भुंगेऱ्याच्या अळीपासून मिळवतात. आपल्या गुग्गुळाच्याच प्रजातीतल्या झुडपांवर ती वाढते. झुडपाखालची माती खणून कोष काढतात, अळीचा रस बाणावर लावतात. पण टोकावर नाही, टोकामागच्या दांडीवर. चुकून ओरखडा उठला तरी शिकारी वाचावा म्हणून. या रसातले प्रथिन तांबड्या रक्तपेशींचे आवरण सच्छिद्र करते आणि पेशी फुटतात. ते रक्तात मिसळले तरच घात करते, पोटात गेले तर नाही. म्हणून शिकारीचे मांस खाता येते. मात्र मोठे जनावर पडायला एक-दोन दिवसही लागतात.

एलंडचा नर ९०० किलोपर्यंत भरतो. म्हणजे कित्येक दिवसांचे जेवण रानात कुठेतरी चालते आहे आणि शिकाऱ्याच्या हाती करण्यासारखे काही उरलेले नाही. बाण सुटेपर्यंत कौशल्य चालते, पुढे फक्त वाट पाहणे. लंगडत चालण्याचा नियम या वाट पाहण्याला शिस्त लावतो. जखमी जनावर हुसकले गेले नाही तर ते फार लांब जातही नाही. उवेच्या नियमाला मात्र असा व्यवहारी आधार दिसत नाही. तो फक्त रिकाम्या हातांना एक काम देतो: खाज सोसायची, पण खाजवायचे नाही.