जुनी बुलेट मोटारसायकल: इंजिन खोलण्यापूर्वीं व खोलतांना

खेड्यांत पुष्कळ ठिकाणीं पडवींत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यांत एखादी जुनी बुलेट मोटारसायकल पोतें टाकून ठेवलेली आढळते. या गाडीची जुळणी सन १९५५ मध्यें मद्रासेस सुरू झाली, आणि तिचें बिडाच्या सिलिंडरचें ३४६ घन सेंटिमीटरचें इंजिन मूळ रचनेंत फारसा फरक न होतां पुढें अर्धशतक निघत राहिलें. रचना साधी, सुटे भाग आजही मिळतात. म्हणून ती दुरुस्त करून दुधाच्या किंवा बाजाराच्या कामीं लावावी असें अनेक शेतकरी बंधूंच्या मनांत येतें. विचार वाईट नाहीं. परंतु इंजिनाची परीक्षा न करतां गाडी मिस्त्रीच्या हवालीं केली, तर कांद्याचे आलेले पैसे त्यांत कसे गेले हेंही कळत नाहीं. याकरितां कांहीं गोष्टी क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम कागद. आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत झाली, म्हणून हें आधीं सांगतों. सातबारा न पाहतां जमीन घेऊं नये, त्याचप्रमाणें नोंदणीचा दाखला न पाहतां गाडी घेऊं नये. इंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक दाखल्याशीं अक्षरशः जुळले पाहिजेत. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन दर ५ वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें. मूळ मालक मयत असल्यास वारसाच्या नांवें नोंद झाल्याखेरीज पैसे देऊं नयेत.

दुसरी गोष्ट, न खोलतां करावयाची परीक्षा. इंजिन अडकलें असल्यास किकवर उभें राहून जोर करूं नये. प्लग काढून त्या भोकांतून थोडें डिझेल व तेल सोडावें, दोन-तीन दिवस मुरूं द्यावें, मग वरचा गिअर टाकून मागील चाक हळूहळू पुढेंमागें हालवावें. इंजिन फिरूं लागल्यावर प्लग बसवून किकनें दाब पाहावा. तो कमी वाटल्यास प्लगच्या भोकांतून चमचाभर इंजिनतेल घालून पुन्हां पाहावा. दाब वाढला तर रिंगा अगर सिलिंडर झिजला आहे; न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हांत आहे. नंतर जुनें तेल पांढऱ्या ताटलींत काढून त्यांत लोहचुंबक फिरवावें. पोलादाचा चुरा चुंबकास चिकटतो, ॲल्युमिनियमचा व पितळेचा चिकटत नाहीं. कोणता भाग झिजत आहे याचा अंदाज यावरून येतो.

तिसरी गोष्ट खोलण्याची. टाकी, बॅटरी, कार्बोरेटर, सायलेन्सर व शेवटीं हेड असा क्रम ठेवावा. प्रत्येक टप्प्याचें मोबाईलवर छायाचित्र घ्यावें, आणि प्रत्येक भागाचे नटबोल्ट चिठ्ठी लावून वेगळ्या डबींत ठेवावे. कागद ज्या नस्तीचा त्याच नस्तींत राहिला तरच तो वेळेवर सांपडतो. हेड काढण्यापूर्वीं दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील अशा बेतानें पिस्टन वर आणावा. सिलिंडर उचलतांच खालच्या पेटीच्या तोंडांत स्वच्छ फडकें कोंबावें. पिस्टनची बारीक क्लिप आंत पडली तर सारें इंजिन उघडावें लागतें. तेलपंप फिरविणाऱ्या वर्म नटाचे आटे उलटे असतात. तेथें नेहमींच्या दिशेनें जोर करूं नये.

आतां मुख्य परीक्षा. कनेक्टिंग रॉड वरच्या टोकास आणून दोन्ही हातांनीं धरावा व सरळ वरखालीं ओढावा. बाजूस थोडा हालणें स्वाभाविक आहे. वरखालीं टकटक लागली तर मात्र बिग-एंडचें बेअरिंग गेलें असें समजावें. तें बदलण्यास क्रँकशाफ्ट प्रेसवर सोडवून पुन्हां एका रेषेंत बसवावा लागतो. हें काम प्रत्येक मिस्त्रीस साधत नाहीं, व खर्चाचा मोठा भाग हाच असतो. येथें हात थांबवून हिशेब मांडावा. सुटे भाग, लेथचें काम, टायर व नोंदणी यांची बेरीज चालत्या गाडीच्या किंमतीवर गेली, तर तेथेंच थांबणें शहाणपणाचें. कारण तोंपर्यंत तेल व श्रम एवढेंच गेलेलें असतें.

रॉड घट्ट असल्यास सिलिंडर मापावा. त्याचा मूळ व्यास ७० मिलिमीटर आहे. झिजला असल्यास आधीं मोठ्या मापाचा पिस्टन आणून लेथवाल्याच्या हातांत द्यावा, आणि त्याच्या मापानें बोअर करवून घ्यावा. व्हॉल्व्ह पेस्टनें घांसल्यावर पोर्टांत थोडें पेट्रोल ओतावें. तें झिरपलें नाहीं तर बैठक ठीक झाली. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी.

जोडणीनंतर इंजिन सुरू होतांच रॉकरकडे तेल पोहोंचतें कीं नाहीं, हें तेथील नळीचा जोड किंचित सैल करून पाहावें. नवा पिस्टन बसविला असल्यास पहिले ५०० किलोमीटर ओझें न लादतां सावकाश चालवावी व नंतर तेल बदलावें. ब्रेकचे लायनर, तारा व टायर यांचा खर्च मात्र इंजिनाच्या आधीं बाजूस काढावा. दुधाचे कॅन लादलेली गाडी उतारावर थांबली पाहिजे. ती थांबत नसेल तर इंजिन कितीही उत्तम झालें तरी घरच्या माणसांस त्याचा उपयोग नाहीं.