धरणाचा सांठा आणि नळाची धार : ग्राफिक्स कार्डाविषयीं थोडेंसें

बदलापूरच्या परिसरांतील बारवी धरणाची उंची आजवर टप्प्याटप्प्यानें वाढविण्यांत आली आहे. त्यायोगें धरणाचा सांठा वाढला. परंतु सांठा वाढला एवढ्यानेंच कोणाच्याहि घरांतील नळाची धार मोठी होत नाहीं. ती ठरते जलवाहिनीच्या रुंदीवर आणि तींतून पाणी कोणत्या वेगानें वाहतें ह्यावर. बेलवलीच्या घराघरांतून हें कोणास शिकवावें लागत नाहीं. मात्र त्याच घरांतील तरुण जेव्हां संगणकासाठीं ग्राफिक्स कार्ड घ्यावयास मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जातो, तेव्हां हा साधा विवेक बहुधा घरींच राहतो. खोक्यावर आठ गिगाबाइट लिहिले आहेत कीं सोळा, एवढेंच पाहून सौदा ठरतो. हा आंकडा धरणाचा आहे, नळाचा नव्हे.

ग्राफिक्स कार्डाचीं मुख्य अंगें दोन : गणित करणारी चिप आणि तिच्या शेजारची स्मृति. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ठरविण्याकरितां चिपेंतील शेंकडों, कित्येकदां हजारों, गणनयंत्रें एकाच वेळीं राबत असतात, आणि त्यांना लागणारी सारी सामग्री स्मृतींतून आणावी लागते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या साध्या पडद्यावरील एका चित्राचे, दर बिंदूस चार बाइट धरल्यास, सुमारें ८३ लक्ष बाइट होतात. सेकंदास साठ चित्रें म्हणजे सुमारें ५० कोटि बाइट. एवढ्यावर भागतें तर प्रश्नच नव्हता. परंतु एकाच बिंदूवर अनेक वस्तु एकीपुढें एक येतात, प्रत्येकीचें अंतर तपासावें लागतें, भिंतींचे व कपड्यांचे पोत वाचावे लागतात, छाया व प्रतिबिंबें यांसाठीं तोच देखावा पुनःपुन्हां लिहिला व वाचला जातो. ही ये-जा अशी कित्येक पटींनीं वाढते.

ह्या ये-जा करण्याच्या सामर्थ्यास बाजारांत मेमरी बँडविड्थ म्हणतात. मराठींत तिला वहनक्षमता म्हणतां येईल. तिचें गणित सोपें आहे. मार्गाची रुंदी बिटांत व प्रत्येक तारेवरील वेग सेकंदास गिगाबिटांत घ्यावा, दोहोंचा गुणाकार करावा आणि आठानें भागावें. २०२१ सालच्या आर. टी. एक्स. ३०६० ह्या कार्डाची रुंदी १९२ आणि वेग १५, म्हणून वहनक्षमता सेकंदास ३६० गिगाबाइट. २०२३ सालच्या ४०६० ची रुंदी १२८ व वेग १७, म्हणून २७२. गणनशक्ति मात्र सुमारें तेरा लक्ष कोटि क्रियांवरून पंधरा लक्ष कोटींवर गेली. म्हणजे खाणारीं तोंडें वाढलीं आणि शिधा आणणारी वाट आंखडली.

ह्याचा परिणाम किती होतो, ह्याचें ठळक उदाहरण जी. टी. १०३० ह्या स्वस्त कार्डाचें. २०१७ सालीं तें निघालें तेव्हां त्याची वहनक्षमता ४८ गिगाबाइट होती. पुढच्याच वर्षीं त्याच नांवाचें दुसरें कार्ड बाजारांत आलें. गणनयंत्रें तींच ३८४, सांठा तोच दोन गिगाबाइटांचा, चिपेची गति किंचित् कमी. पण स्मृति साध्या संगणकांत असते त्या डी. डी. आर. ४ जातीची. वहनक्षमता १६.८ वर उतरली आणि अनेक खेळांत चित्रांचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. नांव वाचून पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकास हा भेद कळावा तरी कसा?

मार्ग रुंद करणें खर्चाचें असतें. प्रत्येक स्मृति-चिप सामान्यतः ३२ बिटांची वाट देते. रुंदी वाढवावयाची तर चिपा, तारा आणि मुख्य चिपेच्या कडेची जागा, सारेंच वाढतें. म्हणून उत्पादक दुसरी युक्ति योजतात. नळ बारीक असला कीं घरांत टांकी बसवितात, तद्वत् मुख्य चिपेंतच लहानसा जलद सांठा ठेवितात. ३०६० मध्यें तो ३ मेगाबाइट होता, ४०६० मध्यें २४ झाला. ह्या टांकीमुळेंच नवें कार्ड अरुंद मार्गावरहि जुन्याच्या पुढें जातें. परंतु पडदा ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा झाला कीं बिंदु चौपट होतात, टांकी पुरत नाहीं आणि अरुंद नळ पुन्हां जाणवूं लागतो.

२०२३ सालचें ४०६० टी. आय. आठ आणि सोळा अशा दोन सांठ्यांत मिळालें; वहनक्षमता दोहोंचीहि २८८ च. सामग्री आठांत मावत नसेल तर सोळांचा लाभ खरा आहे. मावत असेल तर जादा पैशांनीं केवळ धरण उंच होतें. म्हणून दुकानीं सांठ्याबरोबर रुंदी व वेग हे दोन आंकडेहि विचारावे, आणि गुणाकार स्वतः करून पहावा. तो कागदाच्या एका चिटोऱ्यावर होतो.